दुसरी गुंज

हिवाळ्यात आमच्या घराला जाग यायची ती दिवाच्या कण्हण्यानं. दिवाकर माझा धाकटा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. पहाटेचा गारवा कवेलूंच्या फटींतून खाली उतरला की तो गोधडीत पाय पोटाशी घ्यायचा आणि आधी अगदी हळू, जात्यावर बसलेल्या बाईनं गाणं धरावं तसा सूर काढायचा. मग तो सूर चढत जायचा. माय तोवर उठलेली असायची. चुलीत ती विटेचा तुकडा तापत ठेवायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून तो दिवाच्या गुडघ्याखाली सरकवायची. बाबा पायाशी बसून त्याच्या पोटऱ्या दाबायचे. चुलीवर पेज रटरटत असायची, कोपऱ्यातल्या ढोलीतून धानाचा उबट वास यायचा, आणि आम्ही चौघं त्या एका खोलीत उजाडायची वाट पाहायचो, कारण ऊन ओसरीवर आलं की दुखणं थोडं सैल पडायचं. उन्हात बसवल्यावर माय त्याला लाखोरीच्या डाळीचं वरण आणि भात कालवून भरवायची. त्याचे डोळे हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखे पिवळे दिसायचे. तरी मला चिडवायची संधी तो सोडायचा नाही. गावातली दहावी पास झालेली मी पहिली मुलगी, तर हा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा की आमची बाई आता इतकी शिकली की तिला चूल पेटवता येत नाही. मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाईच म्हणतात.

बाबांचं नाव लटारू. गावात त्यांना मोठा मान होता आणि तो त्यांनी काठीनं कमावला होता. मी लहान असताना नाल्यावर वाघानं आमचा बैल धरला, तेव्हा बाबा नुसती काठी घेऊन ओरडत वाघाच्या अंगावर गेले आणि बैल सोडवून आणला. बैल चार दिवसांनी मेला, पण गोष्ट मेली नाही. ती दर वर्षी थोडी वाढायची, आणि मी दहावीत जाईपर्यंत वाघ दोन झाले होते. अशा माणसाला कशाचं भय असेल, हे कोणाच्या मनातही येत नसे. त्यांची दुसरी एक गोष्ट होती, ती मात्र कोणी सांगत नसे. नसबंदीच्या दिवसांत गाडी आली की गावातले बाप्ये जंगलात पळायचे. बाबाही तीन दिवस मोहाच्या झाडाखाली काढून आले होते. त्यांच्या चुलतभावाला पळता आलं नाही. त्याला नेलं, सुई टोचली, आणि तो परत आला तो खाटेवरच. पुन्हा त्यानं नांगर धरला नाही. आज नागभीडला रेल्वेच्या फाटकाजवळच्या माझ्या दोन खोल्यांत बसून मी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवते. तेव्हा ठेवल्या नव्हत्या, आणि ठेवायचं काही कारणही नव्हतं.

गावात दोन कायदे होते, कुठं लिहिलेले नव्हते पण सगळ्यांना पाठ होते. पहिला असा की कानात सांगितलेली गोष्ट खोटी आणि सभेत सांगितलेली खरी. तलावातल्या मासोळीचे वाटे असोत, बांबू कोणी किती तोडायचा ते असो, की कोणाच्या सुनेला सासरी त्रास आहे ते असो, सगळं समाजमंदिरासमोर, बाया-बाप्ये-पोरं बसलेली असताना बोललं जायचं. दुसरा कायदा बदलीचा. गावकीचं काम निघालं, तलावाची पाळ बांधायची असली किंवा रस्त्यावर मुरूम टाकायचा असला, की प्रत्येक घरानं एक माणूस द्यायचा. घरचा माणूस आजारी असला, कामात असला, तर त्याच्या जागी दुसरा जायचा आणि नाव पुकारल्यावर 'हाय' म्हणायचा. त्यात कोणाला लबाडी वाटत नसे. हात कोणाचाही असो, नाव घराचं, असं जुने लोक म्हणायचे. आमच्या घरची बदली बहुतेक वेळा डोमाभाऊ करायचे. ते बाबांचे लहानपणापासूनचे सोबती. एकटा जीव, हसरा, सांगितलेल्या कामाला कधी नाही न म्हणणारा.

अशा गावात डॉक्टरबाई आल्या. पन्नाशीच्या आत-बाहेरच्या, किडकिडीत, पायात रबरी चपला आणि खांद्याला कापडी झोळी. दिवाला होतं तसलं दुखणं आसपासच्या कितीतरी गावांत पोरांना होतं आणि ती पोरं मोठी होत नव्हती. हे कशानं होतं, कोणाच्या अंगात लपून बसलंय, ते रक्त तपासून शोधायचं आणि त्यावर काय करायचं ते गावानं आणि डॉक्टरांनी मिळून ठरवायचं, असं त्यांचं म्हणणं. लोक ऐकून घेत पण हलत नव्हते. कारण याआधीही माणसं आली होती. कोणी डोक्याचा घेर मोजून नेला, कोणी बोटाचं रक्त नेलं, कोणी नुसते फोटो. गेलेलं कोणी परत आलं नाही, आणि नेलेल्याचं काय झालं ते कळलं नाही. शेवटी बाबा सभेत उठले. ते म्हणाले, गाव रक्त देईल, पण एक अट आहे. जे सापडेल ते पहिल्यांदा इथं, या सभेत, पाकीट फोडून एकेका घराचं वाचायचं. आधी कोणाला दाखवायचं नाही, कोणाच्या कानात सांगायचं नाही.

डॉक्टरबाई बराच वेळ चुळबुळत राहिल्या. दुखण्याची गोष्ट ज्याची त्यालाच सांगावी, असं त्या एकदा म्हणाल्याही. पण मिळून करायचं म्हणून आलेल्या माणसानं गावाची पहिलीच अट मोडायची कशी? त्यांनी मान डोलावली, आणि सभेत लोक समाधानानं हसले. मी बरीच वर्षं त्यांना या मान डोलावण्याचा दोष दिला. आता देत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आमच्या गावालाही माहीत होतं. फक्त आपल्या मुठीत काय आहे ते कोणालाच माहीत नव्हतं.

समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. डॉक्टरबाईंनी रंगीत चित्रं आणली होती, पण चित्रातले ते रक्ताचे गोल आणि कोयत्यासारखे वाकडे कण पाहून बाया म्हणायच्या, हा तर पुनवेचा चंद्र आणि ही चंद्रकोर आहे. मग मी दाण्यांचा खेळ काढला. पांढरा वालाचा दाणा म्हणजे चांगला, लाल गुंज म्हणजे दुखण्याचा. प्रत्येक माणसाच्या मुठीत दोनच दाणे, एक मायनं दिलेला, एक बापानं. दोन वाल असले तर काही नाही. एक वाल आणि एक गुंज असली तर त्या माणसाला काही होत नाही, पण तो ती गुंज पोराला देऊ शकतो. दोन गुंजा आल्या की दुखणं. आणि दोन गुंजा यायला मायकडची एक आणि बापाकडची एक, दोन्ही लागतात, एकाच्यानं होत नाही. हे मी आळीआळीतून सांगत फिरले. धानाच्या रोवण्याला गेलेल्या बाया बांधावर बसून गुंजा आणि वाल मांडायच्या. म्हाताऱ्या राधाबुडीनं तर लुगड्याच्या ओच्यात दाण्यांची पुरचुंडीच बांधून ठेवली होती आणि भेटेल त्याला ती परीक्षा घ्यायची. दोन महिन्यांत सगळ्या गावाला ते हिशेबासारखं येऊ लागलं. डॉक्टरबाई म्हणाल्या की त्यांना वीस वर्षांत जे जमलं नाही ते मी दोन मुठी दाण्यांत केलं. मी हवेत होते. इतकी की माय मला चुलीपुढं बसवेनाशी झाली होती.

रक्त घेतलं तो दिवस मला सणासारखा आठवतो. बायांचं टेबल शाळेत, तिथं नावं लिहायला मी. बाप्यांचं समाजमंदिराच्या ओसरीवर, तिथं बाहेरगावचे दोघं, ते एकेकाला पडद्याआड घेत होते. काचेच्या पिचकाऱ्या आणि सुया डब्यात उकळत होत्या, त्याचा वास आणि पोरांचं रडणं आणि मध्येच हसणं. ज्यानं त्यानं कोपराच्या घडीत कापसाचा बोळा दाबून हात वर धरून चालायचं. संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा त्यांच्याही कोपराच्या घडीत कापूस होता. मायनं आंबाडीची भाजी आणि भाकर केली होती. दिवानं बाबांना विचारलं, दुखलं का? बाबा म्हणाले, मुंगी चावल्यासारखं. उन्हाळ्यात डोमाभाऊ कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यावर काम मिळतं म्हणून गेले आणि तिकडेच राहिले. हाकेला धावून येणारा असा माणूस नसला की गाव जरा सुनं वाटायचं, पण पोटामागं जाणाऱ्याला कोण थांबवणार.

पाकीट आलं ते धान कापणीच्या आधी. दुपारची सभा भरली. पाकीट बाबांनीच फोडलं आणि माझ्या हातात दिलं, कारण वाचणारी मीच होते. यादीत इंग्रजी अक्षरं होती, मी ती दाण्यांत वाचायची असं ठरलं होतं. मी वाचत गेले. कोणाच्या घरी चारही माणसं दोन-दोन वाल, की तिकडून हसण्याचा आवाज. कोणाच्या घरी गुंज निघाली की सगळे गप्प. डोमाभाऊ गावात नव्हते तरी त्यांचंही नाव आलं, दोन वाल. मग आमचं घर आलं. लटारू, दोन वाल. मला बरं वाटलं, खरंच सांगते, बापाच्या अंगात काही नाही म्हणून बरं वाटलं. यमुना, एक वाल एक गुंज. कुंदा, म्हणजे मी, एक वाल एक गुंज. दिवाकर, दोन गुंजा. मी वाचत होते, मोजत नव्हते. मी पुढच्या घराचं नाव उच्चारलंही, आणि तेवढ्यात राधाबुडीचा आवाज आला. तिनं समोर धुळीत प्रत्येक घराचे दाणे मांडले होते.

"थांब व पोरी," ती म्हणाली. "दिवाच्या दोन गुंजा. एक त्याच्या मायनं देल्ली. दुसरी कोनं देल्ली?"

तिच्या मनात काही नव्हतं, यावर मी आजही शपथ घेईन. हिशेब जुळेना म्हणून तिनं मास्तराला विचारावं तसं मला विचारलं. मीच शिकवलं होतं. पण प्रश्न सुटला आणि समोर बसलेल्या माणसांच्या तोंडावरून तो एकेक करून फिरत गेला, तो मला दिसला. बायांनी मायच्या बाजूनं अंग थोडं आवरून घेतलं. माय मागच्या ओळीत दिवाला मांडीशी घेऊन बसली होती. ती रडली नाही, तिनं पदरही पुढं ओढला नाही. ती बाबांकडे पाहत राहिली. आता हे उठतील आणि काहीतरी सांगतील, इतक्या सरळ भरवशानं ती पाहत होती की मीही बाबांकडे पाहू लागले.

डॉक्टरबाई उठल्या होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या म्हणाल्या, बाटल्यांची अदलाबदल होऊ शकते, नाव चुकू शकतं, उद्या सकाळीच लटारूभाऊंचं रक्त पुन्हा घेऊ, तोवर कोणी काही बोलू नका. पण वर्षभर त्यांनीच लोकांना पटवलं होतं की ही तपासणी चुकत नाही. मग बाबा उठले. मला वाटलं, आता.

"एकदा देल्लं ते देल्लं," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा मी रक्त देत नाई. वाचलं ते वाचलं."

आणि ते खाली बसले. गावानं याचा अर्थ आपल्या परीनं लावला. बायकोनं तोंड काळं केलेला माणूस, त्यानं भर सभेत आरडाओरडा केला नाही, तिला मारलं नाही, पुन्हा पुन्हा उकरूनही काढलं नाही. लोकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवले. त्या दिवसापासून बाबांचा मान वाढला. वाघाच्या गोष्टीपुढं आता ही दुसरी गोष्ट सांगायचे, की लटारूभाऊनं असं होऊनही घर मोडलं नाही, बाईला घरात ठेवलं, पोराला जेवू घातलं. ही वाह-वा मी कानांनी ऐकली आहे आणि ती ऐकताना बाबांना मान खाली घालून बसलेलंही पाहिलं आहे. लोकांना ती खाली घातलेली मानसुद्धा मोठेपणाची वाटायची.

माझी यादी वाचून झाली, गावाला जे हवं होतं ते मिळालं, आणि आमच्या घरातलं बोलणं बंद झालं. भांडण कधी झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. माय पूर्वीसारखीच उठायची, वीट तापवायची, पेज करायची, बाबांचं ताट वाढायची. ते खाली पाहून जेवायचे. उखळात धान कांडताना ती आधी गुणगुणायची, ते थांबलं. हळदीला तिला बोलावणं येईना. रोवण्याच्या ओळीत तिच्या दोन्ही बाजूंना एकेका हाताची जागा मोकळी राहायची, आणि एकीनं म्हटलेल्या गाण्याची ओळ उचलायची तिची पाळी आली की पलीकडची बाई ती उचलायची. तो दुसरा कोण, यावर गावात दर महिन्याला नवं नाव निघायचं. डॉक्टरबाई दोनदा घरी येऊन बाबांना एकट्यात विनवून गेल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा ओसरीवर डोकं धरून बसल्या आणि मला म्हणाल्या की ती यादी त्यांनी आकड्यांसाठी पाहिली होती, घरांसाठी पाहिली नव्हती. त्यानंतर त्यांनी रीत बदलली. सभेत गावाचा आकडा, घराचं कार्ड घरात. बाकीच्या सगळ्या गावांना त्या बदलाचा फायदा झाला.

मला पाहायला एक घर येणार होतं, ते आलं नाही. गुंजेमुळं की मायमुळं, ते विचारायला गेलो नाही. पुढं माझं लग्न झालं नाही आणि त्याचं मला म्हणावं तसं दुःखही झालं नाही. दुःख दिवाचं झालं. शाळेतल्या पोरांनी त्याला जे म्हणायचं ते म्हटलंच असणार, कारण त्यानं शाळा सोडली आणि मला चिडवणंही सोडलं. सभेनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात त्याचं दुखणं पायांतून छातीत गेलं. एका सकाळी तो ओसरीवर उन्हात पडला होता, मी त्याच्या छातीवर गरम फडकं धरलं होतं, आणि बाबा चार हातांवर दोर वळत बसले होते.

"बाई," तो म्हणाला, "मी कोनाचा व?"

मी म्हटलं, आपल्या बाबाचा, दुसऱ्या कोणाचा. माझ्या आवाजात जोर नव्हता, कारण खरं सांगायचं तर तोवर मलाही शंका येऊ लागली होती. मायवर शंका. हे लिहिताना माझा हात जड होतो पण लिहायला हवं. दिवानं मान वळवून बाबांकडे पाहिलं. बाबांचे हात दोरावर थांबले. मग त्यांनी पुन्हा वळायला सुरुवात केली. दुपारी त्याला जास्त झालं तेव्हा त्यांनीच त्याला पाठीवर घेतलं आणि मोटारीच्या रस्त्याकडे पळत निघाले, मी आणि माय मागून. जंगलातली दोन कोस वाट. रस्ता दिसू लागला तिथं बाबा पळायचे थांबले, आणि आम्ही जवळ पोचेपर्यंत आम्हाला कळलं होतं. दिवा पंधरा वर्षांचा होता.

त्याच्यानंतर मी गावात राहिले नाही. डॉक्टरबाईंनी मला रक्त तपासायला शिकवलं आणि त्यांच्यासोबत मी गावोगाव फिरू लागले. सुट्टीच्या दिवशी घरी जायची. असंच एकदा कोरपन्याच्या बाजूला कामगारांच्या वस्तीत आमचं टेबल मांडलेलं होतं, आणि रांगेत डोमाभाऊ उभे. केस पांढरे झालेले, पण हसणं तेच. मला ओळखून त्यांना फार आनंद झाला. त्यांनी हात पुढं केला आणि मी सुई काढली तेव्हा ते म्हणाले:

"माहं रक्त तं पयलेच दोनदा गेलं हाय, पोरी. एकदा माह्या नावानं, एकदा तुह्या बाबाच्या. तुहा बाबा वाघाले नाई भेत पन सुईले भेते. मनला, डोमा, तू जा बदली. मंग कापूसबी माहाच नेला त्यानं."

ते हसत होते. त्यांना काही माहीत नव्हतं. यादी वाचली तेव्हा ते गावात नव्हते, आणि पुन्हा कधी परतले नव्हते. पाळ बांधायला जायचे तसेच ते रक्त द्यायला गेले होते, हात कोणाचाही, नाव घराचं. मी त्यांना काही सांगितलं नाही. त्यांच्या हातातून रक्त घेतलं, नाव लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी घरी गेले.

बाबा शेतावर होते. माय परसात भाजीसाठी कुड्याची फुलं निवडत होती. मी उभ्या उभ्याच तिला सगळं सांगितलं. तिचे हात थांबलेही नाहीत. तिनं विचारलं, डोमा बरा आहे ना. मग मला कळलं आणि मी तिच्यावरच ओरडले, की तुला माहीत होतं तर तू इतकी वर्षं गप्प कशी राहिलीस.

"मी कशी राह्यली ते मले माहीत हाय," ती म्हणाली. "मंग खोटं रक्त कोनाचं, हे समजाले दहावी पास व्हा लागते काय?"

मी म्हटलं, मी आजच सभेत सांगते. तेव्हा तिनं टोपली बाजूला ठेवली आणि माझा हात धरला. दिवाची शपथ घातली. म्हणाली, "मी बोलली तं लोकं मनतीन, बाई आपलं पाप झाकून राह्यली. तू बोलली तं मनतीन, पोरगी मायची हाय. त्यायनं बोलाव. मी वाट पाहून राह्यली." एवढं बोलून ती पुन्हा फुलं निवडू लागली. ती भाजी आम्ही रात्री बाबांसोबत बसून खाल्ली. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही, आणि त्यांनीही मान वर केली नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. त्यांना कळलं असावं की मला कळलंय.

माय आणखी अकरा वर्षं वाट पाहत राहिली. तापानं गेली, चार दिवसांत. शेवटच्या दिवशी बाबा तिच्या खाटेजवळ बसून होते, ती त्यांच्याकडे पाहत होती, अगदी सभेतल्यासारखी. मी मुद्दाम पाणी आणायला बाहेर गेले, म्हटलं दोघांना एकटं सोडावं. बराच वेळ विहिरीवर थांबले. आत आले तेव्हा दोघंही तशीच होती.

तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि दुपारी बाबा माझ्या पत्र्याच्या पेटीपाशी येऊन बसले. त्या पेटीत माझं तपासणीचं सामान असायचं. त्यांनी उजव्या हाताचं बोट पुढं केलं आणि डोळे मिटून घेतले. 'घे', एवढंच म्हणाले. मी बोटाला टोचलं. ते शहारले, सत्तरीचा माणूस, आणि मला त्यांचा राग यायला हवा होता तो आला नाही, नुसतं भरून आलं. रक्ताचा थेंब मी नळीतल्या औषधात टाकला आणि नळीमागं रेघांचा कागद धरला. चांगलं रक्त असलं की पाण्यातून काळ्या रेघा दिसतात. गुंज असली की पाणी गढूळ होतं आणि रेघा दिसत नाहीत. पाच मिनिटं लागतात. बाबांनी विचारलं, दिसते काय? मी म्हटलं, नाही दिसत.

"माहाच होता तो," ते म्हणाले. "दिवा माहाच होता."

आता मात्र राग आला. मी म्हटलं, हे मले काऊन सांगता, त्याले सांगाचं होतं, मायले सांगाचं होतं. ते म्हणाले, तू सभेत वाचून दे, तू वाचणारी आहेस. मी नळी खाली ठेवली आणि म्हटलं, मी एकदा वाचलं, आता तुमी तुमच्या तोंडानं सांगा. त्या महिन्याच्या सभेला ते गेले. मीही गेले, मागं बायांत बसले. बांबूच्या तोडीवर बोलणं चाललं होतं. मध्येच बाबा खांबाला धरून उठले, तसे सगळे गप्प झाले, कारण म्हातारपणीही त्यांचा मान तेवढाच होता. ते उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. मग ते म्हणाले की तलावाच्या पाळीला उगवतीकडं भेग पडली आहे, पावसाआधी पाहून घ्या, आणि खाली बसले. पुढच्या पावसाळ्यात तेही गेले. पाळ मात्र गावानं बांधून घेतली.

मी वाचायला हवं होतं. माझ्या हातात नळी होती, खुद्द बाबा वाच म्हणत होते, शपथ घालणारी माय राहिली नव्हती, आणि तरी मी हट्ट धरला की त्यांनीच बोलावं. त्या दिवशी मला मायच्या नावापेक्षा माझा राग मोठा वाटला. गप्प बसण्यात मीही शेवटी त्यांचीच मुलगी निघाले. आता त्या सभेतलं कोणी उरलं नाही. राधाबुडी गेली, डॉक्टरबाई गेल्या, डोमाभाऊ कुठं आहेत माहीत नाही. नवी पोरं माझ्याकडे त्यांची कार्डं घेऊन येतात, लग्न जमवण्याआधी एकमेकांची पाहतात, आणि त्यांना वाटतं की हे असं नेहमीच होतं. यमुना कोण, तिच्याबद्दल गाव काय म्हणायचं, हे त्यांना ठाऊकही नाही. पण मला ठाऊक आहे. म्हणून आमच्या घराची यादी मी इथं पुन्हा वाचते.

लटारू, एक वाल एक गुंज. यमुना, एक वाल एक गुंज. कुंदा, एक वाल एक गुंज. दिवाकर, दोन गुंजा. एक मायची, दुसरी बाबांची.